डबड्यातल्या बासष्ट मेंढ्या

"काका, आमच्या आजीच्या मेंढ्या तुमच्याकडं हायत का?"

मे महिना, दुपारचे साडेचार, सोलापूरचं ऊन, आणि दारात एक अनोळखी मुलगी. माझी झोप मोडली होती. सेवानिवृत्त माणसाच्या दुपारच्या झोपेला या शहरात कोणी किंमत देत नाही. "आमच्याकडे मांजरसुद्धा नाही," असं म्हणून मी दार लावणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आजीचं नाव गोजाबाई. सांगोल्याकडची. ती सारखी म्हणते, माज्या मेंढ्या डबड्यावाल्या जोतीरामकडं हायत. तुमीच ना ते?"

मी दार धरून तसाच उभा राहिलो. डबड्यावाला जोतीराम हे नाव बावीस वर्षांत मला कोणी घेतलेलं ऐकू आलं नव्हतं.

मुलीचं नाव प्रियंका. इथल्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. गेल्या वर्षी तिने आजीला गावाकडून इथे, जुळे सोलापूर या वस्तीत, आपल्या दोन खोल्यांत आणलं. म्हातारीला आता नातीचं नावही धड आठवत नाही. पण रोज संध्याकाळी दिवस कलला की ती चपला घालते, काठी घेते आणि मेंढरं शोधायला बाहेर पडते. दोनदा विजापूर रोडवर सापडली, वाहनांच्या मधोमध, तोंडाने हाळ्या देत. मागच्या आठवड्यात रिक्षाचा धक्का लागता लागता राहिला.

"माझा भाऊ भीमा म्हणतो, पुढच्या सोमवारपासनं बाहेरून कुलूप लावायचं," प्रियंका म्हणाली. "जिनं सगळा जल्म उघड्या रानात काढला, तिला कोंडायचं व्हय काका? डॉक्टर म्हणले, जुन्या गोष्टी बोला, शांत होईल. पण ती नावं आठवायला बसते आणि आठवली न्हाईत की रडते. बासष्ट मेंढ्या होत्या म्हणे. आमाला एकीचं नाव ठाऊक न्हाई. तुमच्याकडं असतील तर द्या की."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि खोटं बोललो. "बघतो," म्हणालो. खरं हे होतं की त्या बासष्ट मेंढ्या मीच पुसल्या होत्या.

सांगोल्याला मेंढपाळांची एक संस्था होती, आता नाही. तिथे मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. आख्ख्या तालुक्याने कॉम्प्युटर तोवर फोटोतच पाहिलेला, त्यामुळे धनगरवाड्यांवर माझ्या मशीनला डबडं म्हणत आणि मला डबड्यावाला. मेंढ्यांची नोंदवही डबड्यात उतरवायची, म्हणजे लस किती लागेल ते कळेल, असा वरून हुकूम होता. मी आणि माझा सोबती कुंडलिक, दोघे त्याच्या लुनावरून माळामाळाने हिंडायचो. संध्याकाळी एखाद्या शेतात कळप बसवलेला असायचा, भोवती वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावलेली. चुलीवर भाकरी, धुराचा वास, मेंढ्यांचं रवंथ. तसल्या संध्याकाळी मला पुन्हा मिळाल्या नाहीत. ऑफिसच्या फॉर्मात फक्त कानातला नंबर होता. कुंडलिक म्हणाला, "नंबर विचारलास तर बाई एक जनावर ओळखायची न्हाई. नावाचा रकाना घाल." मी कुरकुरत घातला. आईचा रकानाही त्यानेच घालायला लावला, कारण गोजाबाई कोणत्याही मेंढीचं नाव आईच्या नावाशिवाय सांगतच नव्हती.

मग दोन हजार तीनचा उन्हाळा आला. टँकरमागे माणसं धावत होती, तिथे मेंढ्यांना पाणी कुठलं. गोजाबाईने आठवड्यात सगळा कळप विकला. विकलेली जनावरं नोंदीतून काढायची असा नियम, म्हणून ती ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसली. बाहेर रांग, पंखा बंद, माझं डोकं तापलेलं. मी तिच्यादेखत बासष्ट ओळी डिलीट केल्या. पडदा कोरा झाला. ती म्हणाली, "कुटं गेली रं?" मी खेकसलो, "गेली म्हणजे गेली. आता इथं काही नाही. उठा." ती उठली. बाहेर कुंडलिकने तिला काहीतरी सांगितलेलं मी खिडकीतून पाहिलं होतं, पण काय ते कधी विचारलं नाही. आता कळलं. तो तिला म्हणाला असणार, रडू नको मावशे, डबड्यात हायत, जोतीराम राखतोय. कुंडलिक जाऊन चार वर्षं झाली. त्याच्या या थापेवर म्हातारी बावीस वर्षं तगून होती.

एक बारीकशी आशा होती. आमच्या त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये डिलीट केलेली ओळ लगेच मरत नसे. तिच्या शेजारी एक चांदणी पडायची आणि ती फक्त दिसेनाशी व्हायची. दर मार्चअखेर 'पॅक' म्हणून हुकूम द्यायचा, त्याने चांदणीवाल्या ओळी कायमच्या जायच्या. संस्था त्याच वर्षी दिवाळीला बंद पडली. बंद होताना साहेबांनी माझ्याकडून पॅक करून घेतलं की नाही? मी चार दिवस डोकं खाजवलं. आठवेना.

ते मशीन भंगारात निघालं तेव्हा मी घरी आणलं होतं. पुढे माझी मुलगी रेश्मा, जी पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करते, तिने आख्ख्या मशीनची एक फाइल करून दिली आणि मशीन रद्दीत घातलं. ती फाइल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर. लॅपटॉपवर एक खिडकी उघडते आणि तिच्यात पंचवीस वर्षांपूर्वीचं मशीन जसंच्या तसं सुरू होतं. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, रेश्मा नुसतं व्हीएम म्हणते. फाइल होती वीस जीबीची, एका जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर, कपाटात. आणि माझा लॅपटॉप, रेश्मानेच दिलेला, इतका गच्च भरलेला की त्यात तीन जीबी मोकळे होते. तेही नातवाचे व्हिडिओ पुसल्यावर.

"पप्पा, त्या जुन्या डिस्कवरून थेट चालवू नका," रेश्माने फोनवर बजावलं. "व्हीएम चालते तेव्हा सारखं लिहिणं-वाचणं चालतं. ती डिस्क म्हातारी झालीय आणि एकच प्रत आहे. नवीन काहीतरी घ्या, त्यावर कॉपी करा, मग कॉपीवर काय धिंगाणा घालायचा तो घाला."

नवीन काहीतरी म्हणजे काय, हे मी तिला विचारलं नाही. मी चोवीस वर्षं ऑपरेटर होतो, मला कोणी शिकवू नये. नव्या पेठेत शिवराजच्या दुकानात गेलो आणि चौसष्ट जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन आलो. शिवराज विचारत होता, काका कशाला पाहिजे, पण मी घाईत होतो. घरी येऊन कॉपी लावली. उत्तर आलं: फाइल फार मोठी आहे. चौसष्टमध्ये वीस मावत नाहीत! मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला. शेवटी रेश्मालाच फोन. ती हसली. म्हणे पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने आखलेला असतो, त्यात चार जीबीहून मोठी एकसंध फाइल बसत नाही, भले जागा कितीही असो. तिने सांगितल्याप्रमाणे तो पुसून नव्याने आखला. फाइल बसली. व्हीएम सुरू केली. जुन्या मशीनचा निळा पडदा यायलाच पस्तीस मिनिटं लागली, आणि माउस हलवला की तो पाच मिनिटांनी हलत होता. पेन ड्राइव्ह म्हणजे एसटीतली सीट. प्रवासाला ठीक, तिथे संसार थाटता येत नाही.

दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून पुन्हा शिवराजकडे गेलो. हा पोरगा मी पुढे काढलेल्या क्लासमध्येच टायपिंग शिकलेला, पण मनात धरून ठेवणारा नाही. त्याने काउंटरवर दोन वस्तू मांडल्या. एक फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, दोन हजार जीबीची, आणि एक काड्यापेटीएवढी पत्र्याची डबी, पाचशे जीबीची, जिला तो एसएसडी म्हणत होता.

"काका, एवढंच सांगा," तो म्हणाला, "नुसतं ठेवायचंय की चालवायचंय?"

"चालवायचंय."

"मग ही डबी घ्या. हिच्यात फिरणारं काही नाही."

माझं मन मात्र तबकडीवर जडलं होतं. मी ती लावून बघायला सांगितली. ती सुरू झाली आणि आतून घर्र घर्र, टक, असा आवाज आला, आणि मी एकदम सांगोल्याच्या ऑफिसात जाऊन पोचलो. तो आवाज म्हणजे मशीन विचार करतंय, असं मी लोकांना सांगायचो. धनगरणी कान देऊन ऐकायच्या. डबीला आवाज नाही, काही नाही. आत काही आहे की नाही तेही कळेना.

"कुठं बसून चालवणार?" शिवराजने विचारलं.

"एका म्हातारीच्या बाजेवर. तिच्या शेजारी."

"बाज हलणार, आजी हात मारणार. चालती तबकडी हिसक्याने जाते काका. आणि ही व्हीएमला पुरी पडत नाही, एकाच वेळी चार ठिकाणचं वाचायचं म्हटलं की धापा टाकते. मी तुम्हाला स्वस्तातली विकून मोकळा झालो असतो. पण उद्या शिव्या घालायला तुम्ही इथंच येणार."

हे पटलं. मी डबी घेतली, सोबतची आखूड, जाड वायर घेतली. ती लॅपटॉपच्या निळ्या खाचेतच लावा, असं त्याने तीनदा सांगितलं. घरी फाइल दहा मिनिटांत कॉपी झाली. व्हीएम मिनिटभरात उघडली. जुना निळा पडदा, वर संस्थेचं नाव, खाली कुंडलिकने हट्टाने टाकायला लावलेलं 'येळकोट'.

आणि वीस मिनिटांत सगळं गोठलं. बंद केलं, पुन्हा फाइल कॉपी केली, पुन्हा चालू. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नेमका मी गोजाबाईची फाइल उघडत असताना. शिवराजला फोन करून मी नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "काका, डबी हाताला कशी लागते?"

डबी हाताला लागतच नव्हती. आमच्या वैजयंतीने, म्हणजे बायकोने, तिच्यासाठी पिशवी शिवली होती. सोलापुरी चादरीच्या उरलेल्या तुकड्याची, दुहेरी, वर नाडी, वायरीपुरतं भोक. महागाची वस्तू, धूळ लागू नये. आमच्या घरात मिक्सर, टीव्हीचा रिमोट, गॅसची शेगडी, सगळ्यांना चादरीचे अंगरखे आहेत. माझ्या मनात शंकासुद्धा आली नव्हती. पिशवीत हात घातला तर बोट भाजलं.

"मला काय माहीत तुमच्या मेंढरांना उकडतं," वैजयंती म्हणाली, आणि डबी एका स्टीलच्या ताटलीत ठेवून ताटली पंख्याखाली सरकवली. त्यानंतर व्हीएम तासभर चालली तरी हूं की चूं नाही.

मग मी गोजाबाईची फाइल उघडली. कोरी. अपेक्षाच होती. पुसलेल्या ओळी परत आणायचा हुकूम बोटांना अजून पाठ होता, 'रिकॉल ऑल'. तो दिला. पडद्यावर आकडा आला: शून्य. मी खुर्चीत मागे टेकलो. म्हणजे पॅक झालं होतं. म्हणजे मीच ते केलं होतं. प्रियंकाला काय सांगू, या विचाराने मला खरोखर रडू फुटायला आलं. फोन हातात घेतला आणि ठेवला. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चांदणीवाल्या ओळी लपवून ठेवायची कळ आम्ही कायम दाबून ठेवलेली असायची, आणि ती दाबलेली असली की परत आणणारा हुकूम आंधळा होतो. कळ उघडी केली. पुन्हा हुकूम दिला.

बासष्ट.

भरभर ओळी आल्या. नाव, नंबर, आई, जन्म, मालक. मी मोठ्याने ओरडलो. वैजयंती पिठाच्या हातांनी धावत आली. तिला वाटलं शॉक बसला.

शनिवारी संध्याकाळी मी लॅपटॉप, डबी आणि ताटली घेऊन जुळे सोलापूरला गेलो. गोजाबाई दाराशी चपला घालून तयार होती. केवढी बाई केवढीशी झाली होती! टेबलावर नवं कुलूप, अजून पुठ्ठ्यात. प्रियंका म्हणाली, "आजी, जोतीराम आलेत." म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. ओळखलं नाही.

"मला जाऊ दे गं. अंदार पडतोय."

मी बाजेवर बसलो, व्हीएम उघडली आणि वाचायला लागलो. "भुरी." काही नाही. "कानी." ती दाराचीच कडी चाचपत होती. मला वाटलं, सगळं फुकट गेलं.

"भिंगरी," मी वाचलं.

तिचा हात कडीवर थांबला. "भिंगरी कानीची," ती म्हणाली. "दुसऱ्या वेताची."

मी आईचा रकाना पाहिला. कानी. प्रियंकाने तोंडावर हात ठेवला.

"ठिपकी."

"ठिपकी भुरीची. पाय आकडत हुती जल्मली तवा."

ती येऊन बाजेवर बसली. डोळे मिटले, उजवा हात पुढे केला आणि एकेका नावाला तो हात हवेत खाली येऊ लागला, वाघरीच्या तोंडाशी उभं राहून आत शिरणाऱ्या जनावराच्या पाठीवर टेकवावा तसा. चिंची, राजणी, सोमी, लंगडी, जाईची काळी. मी नाव वाचायचो, ती आई सांगायची, मी पडद्यावर पडताळायचो. एकदाही चुकली नाही. दोनदा माझीच नोंद चुकलेली निघाली, तेव्हा ती मला रागावली आणि मी तिथल्या तिथे दुरुस्त केली. कुंडलिक इथे असायला हवा होता, असं राहून राहून वाटत होतं.

शेवटचं नाव होतं टँकरी. "टँकर आला त्या दिशी झाली," म्हातारी हसली. "टँकरच्या सावलीत. आई चिंची. लई हट्टी, मारलं तरी वाट सोडायची न्हाई." मग विसाविसाने मोजत, बोटं मिटून म्हणाली, "तीन इसा आनि दोन. सगळी आली. वाघर लाव गं."

प्रियंकाने माझ्याकडे पाहिलं. मी खूण केली. तिने उठून आतून कडी लावली. गोजाबाईने चपला काढल्या आणि बाजेखाली सारल्या. बाहेर पूर्ण अंधार झाला होता. तिने दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाणी पिऊन झाल्यावर तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "जोतीराम न्हवं का तू?"

"व्हय मावशी."

"किती वर्सं राखलीस रं?"

"बावीस."

"बावीस!" ती हळहळली. "आनि राखणीचं काय दिलं न्हाय तुला."

गोजाबाईच्या घरची रीत मला ठाऊक होती. दुसऱ्याची मेंढरं राखणाऱ्याला पैसे देत नसत, कळपातलं एक जनावर देत, आणि ते मालकीण स्वतः निवडून देई. ती निवडायला लागली हे मला दिसलं आणि मला ते सोसेना. इतके दिवस जे प्रियंकाला सांगितलं नव्हतं ते मी तिच्यासमोरच बोलून टाकलं. "मावशी, मी राखली नाहीत. मी पुसली होती. तुमच्यासमोर. आणि वर खेकसलो होतो तुमच्यावर. आठवत नाही का?"

म्हातारी मला वेडा ठरवल्यासारखी म्हणाली, "राखली न्हाईस तर तीन इसा दोन कशी भरली?"

डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता, लॅपटॉप धरलेला.

"टँकरी तुजी," ती म्हणाली. "हट्टी हाय, पर दुदाला चांगली. लिव की. आनि बगायला येत जा तिला, निस्ती घेऊन ठिवू नगं."

मी शेवटच्या ओळीवर गेलो. मालकाच्या रकान्यात गोजाबाई होतं, ते खोडलं आणि माझं नाव टाइप केलं. ती पडद्याकडे वाकून बघत होती. तिला वाचता येत नाही, तरी अक्षरं पुरी उमटेपर्यंत ती मागे झाली नाही.